बाबासाहेबांच्या दुखण्याची गोष्ट : मसूरच्या गाडीवाटेपासून अलीपूर रोडपर्यंत

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते बॅरिस्टर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्याच महिन्यात त्यांना ३४ वर्षं पूर्ण झाली. निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यातल्या बेळगाव जिल्ह्यात होतं. तंबाखूचा व्यापार जोरात आणि बाजारपेठेचं गाव म्हणून नाव. चार महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालेलं. तिकडे त्रावणकोरात वैकोमचा सत्याग्रह चालू होता. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा तरुण बॅरिस्टर अशा दिवसांत आपल्या भागात आला होता.

आज कर्नाटकात काय आणि महाराष्ट्रात काय, प्रत्येक चौकातल्या पुतळ्यात बाबासाहेब ताठ उभे असतात. एक हात वर, दुसऱ्या हातात संविधान. पण प्रत्यक्षात आयुष्याच्या शेवटच्या नऊ-दहा वर्षांत या माणसाला उभं राहणं, चालणं, रात्री झोपणं, या साध्या गोष्टींसाठीही झगडावं लागलं. पायांत असह्य वेदना, रात्र-रात्र जागरण, साखरेचा आजार, रक्तदाब. हे सगळं चरित्रांमध्ये आहे, पण दोन-चार ओळींत आटोपलेलं. त्या दोन-चार ओळींमागे काय होतं, ते नीट पाहायला हवं. कारण शरीराचं दुखणं आणि मनावर बसलेला घाव यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, यावर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बरंच संशोधन झालंय आणि ते आपल्या भागातल्या घराघरांशी जोडलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. बाबासाहेबांना अमुक मानसिक आजार होता, असा शिक्का मारण्याचा अधिकार आज कुणालाच नाही. तपासणी झाली नाही, तसं निदान झालं नाही. त्यांच्या पायांच्या वेदनांचं कारण डॉक्टरांनी मज्जातंतूंचा दाह आणि मधुमेह हेच मानलं. त्यामुळे इथे निदान नाही. त्यांच्या आयुष्यात घडलं काय, आणि आजचं शास्त्र अशा घडण्याबद्दल काय सांगतं, एवढंच मांडलं आहे.

रात्रीची बैलगाडी

वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत शिकवायचे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. बेळगावसारख्या छावणीच्या गावात राहणाऱ्यांना ही पार्श्वभूमी वेगळी सांगायला नको. छावणीत सुभेदाराचा मुलगा म्हणून थोडा मान होता. पेन्शनीनंतर कुटुंब साताऱ्यात आलं आणि तो मान संपला. भीमराव जेमतेम पाच-सहा वर्षांचा असताना आई भीमाबाई गेल्या. शाळेत बसायला घरून आणलेलं गोणपाट. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा तेव्हाच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलंच घरी यायचं.

१९०१ सालची गोष्ट. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर होते. सरकार तिथे तलाव खोदून घेत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांनी तिकडे बोलावलं. भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीकडची पोरं नवे कपडे घालून, मोठ्या हौसेने साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. वडील पाठवणार ती मंडळी घ्यायला आलीच नाहीत, कारण पोरं कधी निघणार हे कळवणारं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशन मास्तरने चौकशी केली. ही मुलं महाराची आहेत हे कळल्यावर त्याचा चेहराच पालटला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी सौदा ठरला तो असा : भाडं दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. दुप्पट पैसे देऊन गाडी पण आपणच हाकायची! व्यवहाराच्या वहीत हे कुठल्या खात्यावर टाकायचं, असा प्रश्न पडावा.

ती रात्र मुलांनी कशी काढली, हे बाबासाहेबांनी पुढे सविस्तर लिहून ठेवलं. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी कुणी देईना. जवळच्या ओहोळातलं पाणी शेणामुताने घाण झालेलं. अंधार, ओसाड रस्ता, अनोळखी गाडीवान, आणि मुलांच्या अंगावर थोडेफार दागिने. आपल्याला मारून टाकतील की काय, या भीतीने पोरं रडकुंडीला आलेली. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागून पाहिलं, तिथेही नाही. दुसऱ्या दिवशी, अर्धमेल्या अवस्थेत सगळे गोरेगावला पोचले.

हे प्रकरण नुसतं अपमानाचं नव्हतं. त्यात जिवाची भीती होती. हा फरक महत्त्वाचा आहे. आज मानसोपचारतज्ज्ञ ज्याला आघातोत्तर ताण विकार किंवा पीटीएसडी म्हणतात, त्याच्या व्याख्येत जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका निर्माण करणारा प्रसंग हीच पहिली अट असते. हे नाव अमेरिकेत १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालांनंतर, अधिकृत झालं. त्याआधी पहिल्या महायुद्धात इंग्रज डॉक्टर अशा जवानांना शेल शॉक झाला म्हणायचे. योगायोग असा, की १९१६-१७ मध्ये ही चर्चा चालू असताना आंबेडकर लंडनमध्येच शिकत होते. त्यांच्या डोक्यात मात्र तेव्हा रुपयाचा प्रश्न होता.

बडोद्याची बाग

बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेतलेली. करार असा की शिकून आल्यावर तिथे नोकरी करायची. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला परतले. वेगळ्या जहाजाने पाठवलेलं त्यांचं पुस्तकांचं सामान युद्धात पाणतीराने बुडालं. सप्टेंबरात ते बडोद्याला रुजू झाले, पण राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, दिवसाला दीड रुपया भाडं ठरवून आणि वहीत पारशी नाव लिहून, वरच्या मजल्यावर जागा मिळाली. दुसरा माणूस नाही. अंधारी खोली, मिणमिणता कंदील, वटवाघळं. कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिलेला माणूस रात्री पुस्तकात डोकं घालून ती भयाण शांतता विसरायचा प्रयत्न करायचा.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघायच्या तयारीत असताना जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. धर्मशाळा बाटवली म्हणून शिव्या, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. एका हिंदू मित्राला आणि एका ख्रिस्ती मित्राला विचारून पाहिलं. एकाने नोकर सोडून जातील म्हटलं, दुसऱ्याने बायकोचं कारण सांगितलं. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास हा विद्वान कमाठी बागेत बसून राहिला. नोकरी गेली, बडोदा सुटलं. कित्येक वर्षांनी हे लिहिताना, त्या दिवसाची आठवण आली की आजही डोळ्यांत पाणी येतं अशी कबुली त्यांनी दिली आहे.

इथे थोडं थांबायला हवं. साधी आठवण आणि घावाची आठवण यांत फरक असतो. साधी आठवण जुनी होत जाते. घावाची आठवण आली की शरीर आजच ते घडतंय असं वागतं. छाती धडधडते, स्नायू आखडतात, झोप उडते, घाम फुटतो. मेंदूतली धोक्याची घंटा बंदच होत नाही म्हणा ना. हे वर्षानुवर्षं चाललं तर शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. ताणाच्या संप्रेरकांनी रक्तातली साखर वाढते, रक्तदाब वाढतो. झोप तुटली की दुखणं सहन करायची ताकद कमी होते आणि दुखणं वाढलं की झोप आणखी तुटते. बाबासाहेबांच्या बाबतीत असंच झालं हे सिद्ध करता येणार नाही. पण साखर, रक्तदाब, निद्रानाश आणि वेदना ही चौकडी त्यांच्या शेवटच्या वर्षांत एकत्र होती, ही नोंद आहे.

काम थांबलं नाही, घाव पण नाही

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघालं. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद. हे माणगाव म्हणजे निपाणीपासून फार लांब नसलेलं, तेव्हाच्या कोल्हापूर संस्थानातलं गाव. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी या तरुणाला पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. मग पुन्हा लंडन, १९२३ मध्ये डी.एस्सी., बॅरिस्टरी, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. त्यानंतर निपाणी.

निपाणीच्या अधिवेशनानंतर वर्षभराने, जुलै १९२६ मध्ये, धाकटा मुलगा राजरत्न गेला. त्याआधीही मुलं गेली होती. पाचांपैकी एकटा यशवंत राहिला. या काळात त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना एक पत्र लिहिलं. मुलांच्या जाण्याने आयुष्याची गोडी संपली, अशा अर्थाचं ते पत्र ज्यांनी वाचलं आहे त्यांना कळेल की हा माणूस आतून किती खचला होता. पवार कोल्हापूरचे, घरच्यासारखे. मन मोकळं करायला बाबासाहेबांना मुंबईच्या मोठ्या मंडळींपेक्षा हा आपल्याकडचा माणूस जवळचा वाटला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आठच महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला, अनेकांची डोकी फुटली. ज्या पोराला मसूरच्या वाटेवर रात्रभर पाणी मिळालं नव्हतं तोच आता हजारो लोकांना घेऊन पाण्यावर गेला, हा धागा कुणीही जोडेल. जोडायलाही हरकत नाही. फक्त त्यामुळे जुना घाव भरून आला, असं सिनेमातल्यासारखं समजू नये.

चाळीसगावचा टांगा

शरीराची इजा आणि मनाचा घाव एकाच क्षणी, एकाच कारणाने झाल्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे चाळीसगाव. तारीख २३ ऑक्टोबर १९२९.

मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य. खानदेशचा दौरा आटोपून ते चाळीसगावला आले. तिथल्या महार मंडळींनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर बराच वेळ थांबावं लागलं, मग टांगा आला. वस्ती जवळच, चालत गेलं असतं तरी चाललं असतं. टांगेवाल्याला घोडा आवरेना. वाटेत मोटारीशी धडक होता होता वाचली. पुढे नदीवर दगडी फरशीचा पूल. त्याला कठडा नाही, कडेला नुसते दगड लावलेले. चाक दगडाला धडकलं, टांगा उसळला, बाबासाहेब फरशीवर आदळले. घोडा आणि टांगा नदीत. बरीच इजा झाली, पायाचं हाड मोडलं. डिसेंबर अखेरपर्यंत अंथरुणावर पडून राहावं लागलं.

हे असं का झालं, ते त्यांना नंतर कळलं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी नेणं वस्तीच्या लोकांना कमीपणाचं वाटलं. मग तडजोड झाली. टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र तुम्ही. त्यांच्यातल्या एकाने लगाम हाती घेतला, त्याला सवय नव्हती. मसूरला भीमराव पोर होता, आता मुंबईतला बॅरिस्टर आणि सरकारी समितीचा सदस्य. अट मात्र तीच, अठ्ठावीस वर्षांनी. वस्तीच्या लोकांवर त्यांनी राग धरला नाही. आपला मान राखायला गेलेल्या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, एवढीच खंत त्यांच्या लिहिण्यात दिसते. आणि एक टोचणी : साधा टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा वरचा समजतो.

अशा अपघाताबद्दल आजचे तज्ज्ञ काय सांगतात? हाड दोन-तीन महिन्यांत जुळतं. पण अपघात ज्या भीतीत किंवा अपमानात झाला, तो मनात ताजा राहिला तर दुखणं लांबतं. कळ आली की प्रसंग आठवतो. प्रसंग आठवला की अंग आखडतं. अंग आखडलं की कळ वाढते. असं एक दुसऱ्याला धरून ठेवतं. टिमथी शार्प आणि ॲलिसन हार्वे या दोघांनी २००१ साली हे चक्र नीट मांडलं. वेदना आणि आघात एकमेकांना जिवंत ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दाखवून दिलं होतं की वेदना म्हणजे जखमेकडून मेंदूकडे जाणारी सरळ तार नव्हे. मध्ये एक दार असतं आणि ते किती उघडायचं हे मेंदूही ठरवतो. भीती, चिंता, लक्ष यांनी ते जास्त उघडतं. म्हणून डॉक्टरांनी दुखण्याच्या जोडीला मनाचं विचारलं, तर दुखणं खोटं आहे असा त्याचा अर्थ नसतो. आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. बेळगाव-खानापूर-चंदगड भागातल्या माजी सैनिकांच्या घरांत विचारा. गुडघा-पाठ दुखते म्हणून दवाखान्यात जायला कुणाला लाज वाटत नाही, पण रात्री दचकून उठतो हे मात्र बायकोलाच माहीत.

चाळीसगावनंतर बाबासाहेबांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. आघात झालेला माणूस सहसा त्या आठवणी, त्या जागा टाळतो. जितकं टाळेल तितकं आयुष्य आखडत जातं आणि दुखणं वाढतं. हे अंथरुणातून उठले आणि २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. म्हणजे मोडलेला पाय सावरून दोन-सव्वादोन महिने झाले होते. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं म्हणून पुन्हा बोभाटा झाला. किल्ल्यात पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत शिपाई दिला गेला. त्या वेळी विधिमंडळात आणि गोलमेज परिषदेत भाषणं करून आलेले होते ते.

१९३५ च्या सुमाराला त्यांनी हे सगळे प्रसंग एका हस्तलिखितात इंग्रजीत उतरवले. मसूर, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद. परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी हा उद्देश. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ते त्यांच्या हयातीनंतर, १९९० मध्ये छापलं गेलं. आज कोलंबिया विद्यापीठात ते शिकवलं जातं. त्याची भाषा वाचली की नवल वाटतं. पुलाला कठडा नव्हता, दगड किती अंतरावर होते, धर्मशाळेचं भाडं किती, गाडी किती वाजता, सगळा तपशील शांतपणे, पंचनाम्यासारखा. मानसोपचारात पुढे घाव लिहून काढण्याची, क्रमवार सांगण्याची पद्धत आली. विस्कळीत आठवणींना सुरुवात-मध्य-शेवट मिळाला की त्या कमी छळतात, हे तिचं सूत्र. बाबासाहेबांनी ते उपचार म्हणून केलं नव्हतं, चळवळीची गरज म्हणून केलं. त्याचा त्यांना किती आराम मिळाला हे आपण ठरवू शकत नाही.

त्याच १९३५ च्या २७ मे रोजी रमाबाई गेल्या. कित्येक दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, डोकं भादरून घेतलं, खोलीत बसून राहिले. ऑक्टोबरात येवल्याला जाऊन त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं.

घटना लिहिणारे पाय

घटना लिहिली हाताने, पण त्या वर्षांची खरी परीक्षा पायांनी घेतली. १५ ऑगस्ट १९४७ ला कायदामंत्री, ऑगस्ट अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्ष. वय ५६. नेमक्या याच महिन्यांत पायांच्या वेदना बळावल्या. ज्यांच्या घरात साखरेचा जुना पेशंट आहे त्यांना हे समजेल : दिवसा कसंबसं निभावतं, रात्री अंथरुणावर पाठ टेकली की पायांत आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं. वाढलेल्या साखरेने पायांचे मज्जातंतू खराब होतात, त्यातून हे येतं. चाळीसगावला मोडलेल्या पायाशी याचा संबंध जोडायला आधार नाही. तो प्रकार वेगळा, हा वेगळा.

बाबासाहेबांच्या रात्री जागरणात जात होत्या. समितीत सात जण होते. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक परदेशी, कुणी संस्थानांच्या कामात, कुणी दिल्लीपासून लांब. ओझं अखेर अध्यक्षांच्याच डोक्यावर आलं, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत उघडपणे सांगितलं. त्या ओझ्याबरोबर पायांतली आग होती, हे सभागृहातल्या किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक.

उपचारासाठी ते मुंबईला डॉ. मालवणकरांकडे जायचे. तिथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. पथ्य, इन्सुलिन, वेळेवर जेवण हे सगळं पाहणारं कुणीतरी घरात असल्याशिवाय तब्येत सुधारणार नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचं लग्न झालं, शारदाबाई सविता झाल्या, लोकांच्या माईसाहेब. या लग्नावरून त्या काळी आणि नंतरही पुष्कळ बोललं गेलं. त्या वादात इथे शिरण्याचं कारण नाही. मात्र जुनाट दुखण्याच्या माणसाला औषधाइतकीच सोबतीची गरज असते, ही गोष्ट त्या वादात कायम बाजूला पडली. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली, त्याआधीची दीड वर्षं इन्सुलिन कोण वेळेवर देत होतं, हेही इतिहासात लिहायला हवं.

पुढच्या वर्षांत आघात थांबले नाहीत. हिंदू कोड बिल अडलं. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा. १९५२ ला मुंबईत पराभव, १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव. नजर कमी होत चालली. चालताना काठी, मग माणसाच्या खांद्याचा आधार. या काळातली दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. एक, दुखणं वाढलं की चिडणारे, कधी एकटेच रडणारे बाबासाहेब. सचिव नानकचंद रत्तू यांनी हे पाहिलं आणि लिहून ठेवलं. दुसरं, व्हायोलिन शिकणारे, कुत्र्यांवर माया करणारे, बागेत रमणारे, रात्री पुस्तक उघडलं की वेळेचं भान नसणारे बाबासाहेब. वेदनेवरचे आजचे तज्ज्ञ म्हणतात, की ज्यात जीव रमतो अशा कामाने वेदनेवरचं लक्ष हटतं, ते दार थोडं मिटतं. बाबासाहेबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. धर्मशाळेतल्या त्या अंधाऱ्या खोलीतही त्यांनी पुस्तकाचाच आसरा घेतला होता.

पण याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. कामाने वेदना विसरणाऱ्या माणसाची विश्रांती कायम मागे पडते. पथ्य मोडतं, जागरण वाढतं, साखर बिघडते. बाबासाहेबांचं तेच झालं. ते नुसते पेशंट असते तर कदाचित चार वर्षं जास्त जगले असते. तसं जगायला ते तयार नव्हते, आणि ज्या समाजाने त्यांच्यावर भार टाकला होता त्यालाही त्यांना पेशंट म्हणून पाहणं परवडणारं नव्हतं.

शेवटचे काही आठवडे

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तब्येत इतकी ढासळलेली, की उभं राहायलाही आधार लागत होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, भाषावार राज्यांची फेररचना अमलात आली. बेळगाव, निपाणी, खानापूर मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. आपल्या भागातल्या लोकांना तो महिना त्या दुखण्याने आठवतो. भाषावार राज्यांवर बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी पुस्तक लिहिलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी ज्या निपाणीत त्यांनी अध्यक्षपद भूषवलं ती आता दुसऱ्या राज्यात होती.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्ली, २६ अलीपूर रोड. पाय दुखत होते. रत्तूंनी डोक्याला तेल लावलं, पाय चेपले. बाबासाहेब डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरत बुद्धवंदना गुणगुणत होते. रेडिओग्रामवर वंदनेची तबकडी लावायला सांगितली. थोडंसं जेवले, कबीराचं पद म्हणत काठीच्या आधाराने झोपायच्या खोलीकडे गेले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी टेबलावर आणून ठेवायला लावले, रात्री त्यावरून हात फिरवायचा होता. रत्तू सायकलवरून घरी गेले.

सकाळी माईसाहेब खोलीत गेल्या तेव्हा बाबासाहेब झोपेतच गेलेले होते. तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.